आयिरत्तिल ओरुवन (२०१०)

आयिरत्तिल ओरुवन (अर्थ : हजारांत एक) हा सेल्वराघवन यांनी लिहून दिग्दर्शित केलेला तमिळ साहसपट १४ जानेवारी २०१० रोजी, पोंगलच्या दिवशी प्रदर्शित झाला. कार्ती, रीमा सेन, आंद्रेया जेरेमाया आणि पार्थिबन यांच्या त्यात मुख्य भूमिका आहेत. संगीत जी. व्ही. प्रकाश कुमार यांचे, छायाचित्रण रामजी यांचे. एम. जी. रामचंद्रन यांच्या १९६५ च्या गाजलेल्या चित्रपटाचेही हेच नाव होते. दोन्हींच्या कथांचा काही संबंध नाही, मात्र जुन्यातले ‘अदो अंद परवै पोल’ हे गाणे नव्या चित्रपटात वेगळ्या साजात ऐकू येते.

कथेचे मूळ इतिहासातल्या एका रिकाम्या जागेत आहे. तिसरा राजेंद्र हा तमिळ प्रदेशातल्या चोळ राजघराण्याचा शेवटचा ज्ञात राजा. इ.स. १२७९ नंतर त्याचा मागमूस लागत नाही आणि चोळांचा मुलूख त्यांच्या प्रतिस्पर्धी पांड्य राजघराण्याकडे गेलेला दिसतो. चित्रपटाची कल्पना अशी, की पराभव समोर दिसताच चोळांनी राजपुत्राला आपल्या माणसांसोबत समुद्रापार धाडले आणि पांड्यांच्या कुलदैवताची मूर्तीही बरोबर नेली. पहिल्या राजेंद्राचे आरमार १०२५ च्या सुमारास आग्नेय आशियातल्या श्रीविजय या सागरी राज्यावर चालून गेले होते, हे लक्षात घेतले की व्हिएतनामजवळच्या बेटावर चोळ पोहोचणे अगदीच अशक्य वाटत नाही.

या वसाहतीचा माग काढताना एक पुरातत्त्वज्ञ (प्रताप पोतन) बेपत्ता होतो. त्याच्या शोधासाठी निघालेल्या मोहिमेत त्याची मुलगी लावण्या, मोहीमप्रमुख अनिता, लष्करी तुकडी आणि सामान वाहणारे हमाल असतात. हमालांचा म्होरक्या मुत्तु (कार्ती) हा चेन्नईतला तोंडाळ, रांगडा गडी. वाटेत चोळांनी पेरून ठेवलेले सापळे आहेत : समुद्रातले जीव, नरभक्षक, साप, भूक, चोरवाळू. वाळूच्या प्रसंगाची कल्पकता विलक्षण आहे. ठरावीक वेळी नटराजाच्या आकाराची सावली वाळूवर पडते. तिच्या आतून धावणारा तरतो, बाहेर पाऊल पडलेला गडप होतो. सावली सरकत असते, त्यामुळे जीव मुठीत धरूनच धावावे लागते.

उत्तरार्धात चित्रपट साहसकथेची वाट सोडतो, आणि त्याचे खरे मोल तिथेच आहे. हरवलेली संस्कृती म्हणजे ओसाड अवशेष नव्हेत, तिथे माणसे राहतात. पिढ्यान्‌पिढ्या अंधाऱ्या गुहांत, अर्धपोटी, काळवंडलेल्या अंगाने ते चोळ तंजावूर या आपल्या जुन्या राजधानीहून येणाऱ्या दूताची वाट पाहत आहेत. त्यांची तमिळ इतकी जुनी, की मुत्तुला ती नीट कळत नाही. पार्थिबन यांचा राजा क्रूर आहे, भुकेलेल्या प्रजेपुढे हतबलही आहे. अनिता पांड्य वंशाची निघते आणि मूर्तीसाठी आलेली असते. शेवटी आधुनिक बंदुकांपुढे चोळांचा पाडाव होतो, स्त्रियांवर अत्याचार होतात. हे सगळे पाहताना अनेक तमिळ प्रेक्षकांना २००९ मध्ये श्रीलंकेत संपलेले युद्ध आठवले.

‘ताय तिंद्र मण्णे’ या वैरमुत्तु यांच्या गीतात मायभूमीपासून तुटलेल्यांचे दुःख आहे. विजय येसुदास आणि नित्यश्री महादेवन यांनी ते गायले आहे. चित्रपटातला तंजावूरचा ध्यास मराठी वाचकालाही जवळचा वाटावा. चोळांनी बांधलेल्या तिथल्याच बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे.

चित्रीकरण अथिरापल्लीचा धबधबा, जैसलमेर आणि हैदराबादची रामोजी फिल्म सिटी येथे झाले. सुमारे तीन तासांची लांबी आणि उत्तरार्धातले रक्तपात व क्रौर्य यांमुळे प्रदर्शनाच्या वेळी मते दुभंगली. पुढे मात्र चाहते वाढत गेले आणि २०२० च्या अखेरीस तमिळनाडूत तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला. १ जानेवारी २०२१ रोजी सेल्वराघवन यांनी धनुषला घेऊन दुसरा भाग काढण्याची घोषणा केली. तेलुगूत हा चित्रपट ‘युगानिकि ओक्कडु’ या नावाने आला.