लहान ट्यूब ‘फुगवली की बसते’? नाही!

‘रबरच ते, फुगवलं की बसतं’ असं म्हणत जुन्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात सर्रास लहान ट्यूब घातली जाते. कृपा करून घालू नका. ताणलेली ट्यूब पातळ होते आणि व्हॉल्वपाशी किंवा जोडावर फाटते. मोठी घातली तर घडी पडते, ती घडीवरच चिरते.

टायरवर १३.६-२८ असेल तर १३.६ ही टायरची रुंदी आणि २८ हा रिमचा व्यास, दोन्ही इंचांत. ट्यूबवरचा व्यास याच्याशी जुळलाच पाहिजे. रुंदीत थोडी मुभा असते, म्हणून १२.४/१३.६-२८ असा दुहेरी छाप असलेली ट्यूब चालते. फार जुन्या टायरवरचा १२-२८ म्हणजेच आजचा १३.६-२८.

बसवण्याआधी रिमचा गंज घासा, ट्यूबला शंखजिरे (टाल्क पावडर) लावा. एकदा हवा भरून पूर्ण सोडा, मग पुन्हा भरा. आतल्या सुरकुत्या मोकळ्या होतात.