सडा मोजायचा केव्हा?

मे महिन्यात रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातल्या एखाद्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळपठारावर, उभे राहिले, तर जांभ्याचा काळपट कातळ, वाळलेल्या गवताचे खुंट आणि चपलेच्या तळातूनही जाणवणारा चटका याखेरीज फारसे काही हाती लागत नाही. सातबाऱ्यावर अशा जमिनीची नोंद बहुधा पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य, म्हणून झालेली असते, आणि उन्हाळ्यात पाहणाऱ्याला ती नोंद पटतेही. ऑगस्टमध्ये त्याच जागी परत गेल्यास पाऊल कुठे ठेवावे हा प्रश्न पडतो, कारण ओल्या कातळावर गेंदाची पांढरी गोंडेदार फुले, सीतेच्या आसवांचा जांभळा थर आणि तेरड्याचा गुलाबी रंग एकमेकांत मिसळलेला असतो. या दोन भेटींपैकी तिथे येऊ घातलेल्या प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालात कोणती उतरते, यावर त्या सड्याचे पुढे काय होणार हे पुष्कळदा ठरते.

मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी देण्यापूर्वी त्यांच्या परिणामांचा अंदाज घेण्याची पद्धत आपल्याकडे १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने बांधून दिली आहे. खाणींसाठी केंद्रीय मंत्रालयाने जी प्रमाणित कार्यकक्षा (अहवालात काय काय अभ्यासायचे याची चौकट) ठरवली, तिच्यानुसार खाणपट्टा आणि त्याभोवतीचा १० किलोमीटरचा परिसर अशा दोन्ही क्षेत्रांतील वनस्पती व प्राण्यांच्या याद्या स्वतंत्रपणे द्याव्या लागतात, त्यांतील संकटग्रस्त व प्रदेशनिष्ठ (ठरावीक प्रदेशापुरत्याच आढळणाऱ्या) जाती वेगळ्या दाखवाव्या लागतात, आणि प्रत्येक प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कोणत्या अनुसूचीत येतो हेही सांगावे लागते. अनुसूची १ मधला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण दिलेला, प्राणी आढळला, तर त्याच्या संरक्षणाची योजना जोडणे भाग पडते. कागदावर ही रचना चांगली आहे. अडचण आहे ती ऋतूची. हवा, पाणी, आवाज, माती आणि जीवसृष्टी या सर्वांची मूलभूत माहिती एका ऋतूत, आणि तोही पावसाळा सोडून, गोळा करावी असे ही कार्यकक्षा सांगते. हवेच्या बाबतीत हे शहाणपणाचेच आहे, कारण पाऊस धूळ खाली बसवतो आणि पावसाळ्यात मोजलेली हवा वस्तुस्थितीपेक्षा स्वच्छ दिसते. पण जो ऋतू धूळ मोजायला वाईट, तोच सड्यावरचा जीव मोजायला एकमेव चांगला असतो, आणि दोहोंना एकच नियम लावल्यामुळे सड्याचा मोजमापाचा काळ नेमका त्याच्या झोपेच्या काळात येतो.

सड्यावरची माती बहुतेक ठिकाणी बोटाच्या पेराएवढीही खोल नसते. त्यामुळे इथल्या बहुसंख्य वनस्पतींनी वर्षाचे आठ महिने कंद किंवा बी होऊन काढण्याची रीत पत्करली आहे. दीपकाडी ही कोकण आणि लगतच्या गोव्यातील जांभ्याच्या सड्यांपुरतीच मर्यादित असलेली कांदेवर्गीय वनस्पती पावसाच्या सुरुवातीस पांढरी फुले घेऊन वर येते आणि काही आठवड्यांत पुन्हा जमिनीखाली दिसेनाशी होते. तिच्यामागून नत्राची उणीव कीटक पकडून भरून काढणाऱ्या सीतेची आसवे आणि दवबिंदू या वनस्पती येतात, मग गेंद, मग तेरडा, आणि ऑक्टोबरपर्यंत गवते बी धरून पिवळी पडलेली असतात. म्हणजे पावसाळ्यातली एक भेटसुद्धा पुरेशी नाही, कारण जूनअखेरचा सडा आणि सप्टेंबरचा सडा यांच्या याद्या बऱ्याच वेगळ्या निघतात. कारवीसारखी झुडपे तर सात वर्षांतून एकदाच फुलतात, त्यामुळे त्यांची ओळख फुलांवाचून, पानाखोडावरून पटवण्याइतका सराव सर्वेक्षकाला असावा लागतो.

प्राण्यांची कथाही अशीच आहे. आंबोलीच्या परिसरापुरता आढळणारा, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला छोटा भेक शास्त्राला २००९ मध्ये ज्ञात झाला. तो पावसाच्या आरंभी कातळावरच्या उथळ डबक्यांपाशी मोठ्या संख्येने जमतो, प्रजननाची धांदल थोड्या दिवसांत उरकतो आणि एरवी दगडांखाली दडून राहतो. पाय नसलेले देवगांडूळ ओल्या मातीत दगड उलटल्यावरच दिसते. कातळावरच्या खळग्यांतील कोळंबीसारखे पारदर्शक जीव पाणी आटताना अंडी चिखलात सोडून मरतात, आणि ती कोरडी अंडी पुढच्या पावसाची वाट पाहत पडून राहतात. रत्नागिरी जिल्ह्यातून १९६३ मध्ये वर्णन झालेली, पांढऱ्या पट्ट्यांची जमिनीवर राहणारी पाल कोरड्या दिवसांतही सापडू शकते. पण त्यासाठी रात्री विजेरी घेऊन हिंडावे लागते, दिवसा सुटे दगड एकेक करून उचलावे लागतात, आणि ते जसेच्या तसे परत ठेवावे लागतात. गाडीतून फिरून केलेल्या पाहणीत ती येणे शक्य नाही.

सर्वेक्षणाच्या पद्धती तशा साध्या आहेत. लहान वनस्पतींसाठी एक मीटर बाजूची चौकट ठिकठिकाणी ठेवून आतली प्रत्येक जात मोजतात, झाडांसाठी मोठे चौरस आखतात, पक्ष्यांसाठी ठरलेल्या रेषेवरून ठरलेल्या वेगाने चालत नोंदी घेतात, आणि निशाचर सस्तन प्राण्यांसाठी स्वयंचलित कॅमेरे लावतात. खरे कौशल्य ‘दिसले नाही’ या नोंदीचा अर्थ लावण्यात आहे. समजा, एखादा प्राणी जागेवर असूनही एका फेरीत तो दिसण्याची शक्यता ३० टक्के आहे. एका फेरीत तो निसटण्याची शक्यता ७० टक्के, आणि पाच फेऱ्यांत प्रत्येक वेळी निसटण्याची शक्यता सुमारे १७ टक्के उरते. म्हणून फेऱ्या वाढवल्या की ‘नाही’ या शब्दाला वजन येते. परंतु ऋतूच चुकला असेल, तर दिसण्याची शक्यता शून्य असते आणि पन्नास फेऱ्यांनंतरही ती शून्यच राहते. मेहनत भरपूर झाली म्हणून निष्कर्ष खरा ठरत नाही. एप्रिलमध्ये प्रामाणिकपणे केलेले सर्वेक्षणही दीपकाडीबद्दल काहीच सांगू शकत नाही, आणि ही गोष्ट मला अप्रामाणिक सर्वेक्षणापेक्षा अधिक चिंतेची वाटते, कारण ती पकडायला कोणतीही चूक डोळ्यांसमोर येत नाही.

अप्रामाणिकपणा निदान उघडा तरी पडतो. २००० नंतरच्या दशकात रत्नागिरी जिल्ह्यातील एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात पक्ष्यांचा अधिवास म्हणून स्प्रूस आणि बर्च वृक्षांच्या जंगलांचे वर्णन आले होते, कारण तो मजकूर रशियातील खाणीच्या अहवालातून उचललेला होता. कोकणात ही झाडे नाहीत, हे कोणालाही कळते. मात्र यादीतून गेंदाच्या पाच जाती गळल्या, तर ते ओळखणारे डोळे थोडेच असतात.

प्रकल्प उभा राहिल्यानंतरच्या देखरेखीचे महत्त्व साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठाराने दाखवून दिले. पवनऊर्जा प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेनुसार असे मूल्यांकन लागत नाही, त्यामुळे पवनचक्क्या येण्यापूर्वी तिथे काय होते याची पद्धतशीर नोंद संशोधकांच्या हाती नव्हती. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी पवनचक्क्या असलेला आणि नसलेला असे पठाराचे दोन सारखे भाग निवडून तुलना केली, आणि २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी होते. ते कमी झाल्यामुळे गळ्याला रंगीत पंखा असलेल्या सरड्यांची संख्या वाढली होती; पण हे सरडे माणूस जवळ आला तरी उशिरा पळत, त्यांची शरीरयष्टी खालावलेली होती आणि गळ्याचे रंगही फिकटले होते. (या सरड्यांच्या प्रजातीचे शास्त्रीय नावच आपल्या ‘सरडा’ या शब्दावरून ‘सरडा’ असे ठेवले गेले आहे.) पक्षी पात्यांना धडकून मेले का, एवढेच पाहिले असते, तर हा परिणाम कधीच दिसला नसता. कोणत्या दोन जागांची तुलना करायची हे आधी ठरवले म्हणूनच तो दिसला.

मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाने अटींच्या पूर्ततेचा अहवाल दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबर या तारखांना द्यायचा असतो. पण सुरुवातीची मोजणीच कोरड्या ऋतूत झालेली असेल, तर पुढच्या देखरेखीला तुलनेसाठी काही उरतच नाही. म्हणून जनसुनावणीपूर्वी उपलब्ध होणारा मूल्यांकन अहवालाचा मराठी सारांश हाती आला, की जातींच्या यादीच्या लांबीने दबून न जाता ग्रामस्थांनी पूर्ण अहवालाच्या परिशिष्टात चौकटी कोणत्या तारखांना टाकल्या, किती टाकल्या, रात्रीची पाहणी झाली का आणि वनस्पती कोणी ओळखल्या, हे शोधावे. तारखा मार्च ते मे या महिन्यांतल्या असतील, तर पहिल्या पावसापासून ऑक्टोबरपर्यंत किमान चार वेळा त्याच चौकटी पुन्हा मोजून मगच निर्णय घ्यावा, अशी लेखी मागणी सुनावणीच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावी.