बोअरवेलला पाणी येते कुठून? आमच्या ग्राहकांसाठी माहिती

छतावर पडणारे पावसाचे पाणी गाळून बोअरवेल आणि विहिरींत सोडण्याची कामे आम्ही पुणे शहर व परिसरातील गृहनिर्माण संस्था, बंगले आणि शेतांसाठी करतो. पाहणीला गेल्यावर बहुतेक ग्राहक पहिल्यांदा हेच विचारतात की आमच्या जमिनीखाली पाणी आहे का, आणि असले तर किती फुटांवर. जमिनीच्या पोटात पाण्याचा कायमचा साठा असून तो फक्त शोधायचा आहे, अशी समजूत त्यामागे असते. आपल्या भागात तसे नाही. बोअरवेलमधून येते ते मुख्यतः गेल्या काही पावसाळ्यांत मुरलेले पाणी असते, आणि तो निसर्गातील जलचक्राचा एक लहानसा हिस्सा आहे.

हे चक्र सूर्याच्या उष्णतेवर चालते. समुद्राच्या पृष्ठभागावरील पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहते आणि गोडे पाणी तेवढे हवेत चढते. वाफ हवेत सरासरी नऊ-दहा दिवसच टिकते, त्यामुळे आकाशातला साठा सतत रिता होत असतो आणि सतत भरत असतो. पावसाळ्यात हिंदी महासागरावरून येणारे वारे विषुववृत्त ओलांडून अरबी समुद्रावरची वाफ घेत कोकणावर येतात, सह्याद्रीला अडून वर चढतात, वर गेल्यावर थंड होतात आणि त्यांच्यातील वाफेचे थेंब होऊन पाऊस पडतो. म्हणूनच महाबळेश्वरला वर्षाला ५,५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो आणि घाट उतरून आलेल्या, बाष्प गमावलेल्या वाऱ्यांमुळे पुण्याच्या वाट्याला सुमारे ७०० मिलिमीटरच येतो. महाबळेश्वरच्या त्याच डोंगरावरचे पाणी सावित्रीतून गेले तर लवकरच अरबी समुद्राला मिळते, कृष्णेतून गेले तर सुमारे १,४०० किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला पोहोचते.

पडलेल्या पावसापैकी काही पुन्हा वाफ होऊन उडतो, काही झाडे आणि पिके मुळांवाटे शोषून पानांतून हवेत सोडतात, मोठा भाग ओढ्या-नाल्यांतून वाहून जातो आणि उरलेला मुरतो. हा उरलेला भाग आपल्याकडे इतका कमी का, हे खडकावरून कळते. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भूभाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून झालेल्या बेसाल्टने, म्हणजे काळ्या पाषाणाने, व्यापलेला आहे. नद्यांच्या गाळाच्या प्रदेशात कणाकणांमध्ये पाणी साठते. काळ्या पाषाणात मात्र ते भेगांत, सांध्यांत आणि वरच्या मुरमाच्या थरात जेवढे मावेल तेवढेच राहते. मोठ्या पावसात मुरूम लवकर भरतो, नंतरचे पाणी वाहून जाते, आणि भरलेला थरही दिवाळीनंतर उपशाने उतरू लागतो.

यावरून आमचे ठाम मत असे आहे की बोअरवेल आटली म्हणून आणखी दोनशे फूट खाली जाणे हा पहिला उपाय असू नये. खोल गेल्यावर भेगा साधारणपणे कमी आणि अरुंद होत जातात, आणि एखादी भेग लागलीच तरी तिला वरून पाणी मिळाले नाही तर तीही काही काळाने रिकामी होते. त्याऐवजी छताचा हिशेब करून पाहावा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. त्यामुळे १०० चौरस मीटरच्या छतावर पुण्याच्या ७०० मिलिमीटर पावसात ७०,००० लिटर पाणी पडते आणि उडालेले, वाफ झालेले व पहिल्या सरींचे सोडून दिलेले पाणी वजा केले तरी ५०,००० लिटरहून अधिक हाती राहते. हेच पाणी आज बहुतेक इमारतींत पाइपमधून थेट गटारात जाते, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

मात्र प्रत्येक बोअरवेल पाणी घेतेच असे नाही. काम ठरवण्याआधी आम्ही तिच्यात टँकरचे स्वच्छ पाणी सोडून पातळी किती वेगाने उतरते ते पाहतो. अखंड खडकातील बोअरवेलमध्ये पाणी तसेच उभे राहते. अशा ठिकाणी आम्ही बोअरवेलचे काम घेत नाही आणि मुरमापर्यंत शोषखड्डा घेण्याचा सल्ला देतो. जमिनीत सोडलेले पाणी आपल्या कुंपणात थांबत नाही, उताराप्रमाणे शेजाऱ्याच्या विहिरीलाही मिळते, हेही आधीच सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. शक्य असेल तेथे शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांनी हे काम मिळून करावे.

गाळणीत खडी आणि वाळूचे थर असतात; ते दरवर्षी काढून धुवावे लागतात. पार्किंग, रस्ता किंवा सांडपाण्याच्या वाहिनीचे पाणी या व्यवस्थेत कोणत्याही परिस्थितीत जोडू नये, कारण भेगांत शिरलेले तेल आणि मैला बाहेर काढण्याचा सोपा मार्ग नाही.

पाहणीच्या वेळी बोअरवेलची खोली, केसिंग पाइप (वरची माती आत ढासळू नये म्हणून बोअरवेलच्या वरच्या भागात घातलेला पाइप) किती फूट आहे, पाणी किती फुटांवर लागले आणि मे महिन्यात पंप किती वेळ चालतो, एवढी माहिती काढून ठेवावी. जोडणी मेअखेर पूर्ण व्हावी आणि जूनच्या पहिल्या सरींपूर्वी छत झाडून घ्यावे. त्या पहिल्या पाण्यासाठीची बाहेर सोडणारी झडप कोणी उघडायची आणि नंतर कोणी बंद करायची, ते सोसायटीने आधीच ठरवून ठेवावे.