मान कडकन मोडली की डोकेदुखी जाते म्हणे!
चंपी झाली की सलूनवाला हनुवटी धरून झटक्यात मान फिरवतो, कडाक् आवाज येतो आणि शेजारच्या खुर्चीवरचा म्हणतो बघ, सरकलेला मणका बसला जागेवर, आता डोकं नाही दुखायचं. अहो, तसं काही नसतं. सांध्यातल्या द्रवात गॅसची पोकळी तयार होते त्याचा तो आवाज, थोडा वेळ हलकं वाटतं, बास.

मानेमुळे होणारी डोकेदुखी मात्र खरी असते हां. मानेच्या वरच्या भागातल्या नसा आणि चेहऱ्याची नस मेंदूच्या बुडाशी एकाच ठिकाणी मिळतात, म्हणून बिघाड मानेत आणि ठणका कपाळात नाहीतर डोळ्यामागे, बहुतेकदा एकाच बाजूला. चांगला फिजिओ आधी उताणं झोपवतो, मान पूर्ण पुढे वाकवून दोन्हीकडे वळवून बघतो, साधारण 44 अंश वळायला हवी, एकीकडे अडकली तर पहिल्या-दुसऱ्या मणक्यावर संशय. मग हाताने सांधा मोकळा करणं, आणि लोक ज्याचा जाम कंटाळा करतात तो व्यायाम, हळूच होकार दिल्यासारखी हनुवटी आत घ्यायची. 2002 साली ऑस्ट्रेलियातल्या 200 जणांच्या अभ्यासात दोन्हींनी फरक पडला, तोही वर्षभर टिकला.

झटक्याने मानेतली धमनी आतून फाटून स्ट्रोक आल्याच्या केसेस आहेत, क्वचित, पण आहेत. कधी नव्हे एवढं डोकं अचानक ठणकलं, जीभ अडखळली, तोल गेला तर फिजिओ पण नको, सरळ हॉस्पिटल गाठा.