ठिणगी स्वेटरची, कसोटी विमानाची

ग्वाल्हेरची जानेवारी म्हणजे हाडं गोठवणारी कोरडी थंडी. शहराच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी रात्री दिवा मालवून लोकरी स्वेटर काढला की चटचट आवाज होतो, निळसर ठिणग्या उडतात. भाची तर मजा म्हणून तो पुन्हा घालते, पुन्हा काढते. मग दाराच्या कडीला हात लागला की चटका बसतो. असा चटका जाणवतो तेव्हा अंगावर तीनेक हजार व्होल्ट साठलेले असतात. विद्युतभार अगदी थोडा, म्हणून आपण नुसते दचकतो. चिपच्या आतले बारीक थर मात्र तेवढ्यानंही जळू शकतात.

विमानातल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांना म्हणूनच हा चटका आधी प्रयोगशाळेत देतात. विमानातल्या उपकरणांच्या चाचण्या ठरवणाऱ्या डीओ-१६० या मानकात त्यासाठी १५,००० व्होल्ट ठरवले आहेत. उपकरण चालू ठेवायचं, पिस्तुलासारख्या यंत्राचं टोक त्याच्या बटणाजवळ न्यायचं. चट्! पडदा थरथरला का? आकडा बदलला का? एकेका जागी धन भाराचे १० आणि ऋण भाराचे १० चटके.

महाराजपुऱ्याच्या हवाई दलाच्या तळावरची मिराज लढाऊ विमानं आम्ही लहानपणापासून पाहतोय. पावसाळी ढगाशेजारी एखादं दिसलं की मला विजेचीच आठवण होते. पुष्कळदा ढगातल्या विजेला वाट करून देतं ते खुद्द विमानच. विमानाच्या विजेच्या चाचणीतला मोठा झटका २ लाख अँपिअरचा असतो. हा प्रवाह ॲल्युमिनियमच्या पत्र्यावरून वाहून शेपटाकडून निघून जातो, प्रवासी सुखरूप राहतात. खरी मेख आत आहे. प्रवाह अवघ्या ६.४ मायक्रोसेकंदांत शिगेला पोचतो. इतक्या झपाट्यानं बदलणारं चुंबकीय क्षेत्र खिडक्यांतून, सांध्यांतून आत शिरतं आणि आतल्या तारांमध्ये व्होल्टेज उठवतं. म्हणून उपकरणाच्या एकेका पिनेवर मुद्दाम असे झटके सोडतात. विमानात उपकरणाची जागा आडोशाची असेल तर कमी, उघडी असेल तर १,६०० व्होल्टपर्यंत.

१४ नोव्हेंबर १९६९ रोजी पावसात चंद्राकडे उडालेल्या अपोलो १२ या अमेरिकी यानावर मिनिटाच्या आत दोनदा वीज पडली. यान फुटलं नाही, पण यानासाठी वीज बनवणारे इंधनघट वीजपुरवठ्यातून सुटले आणि जमिनीवर येणारे आकडे निरर्थक झाले. तसलाच गोंधळ जमिनीवरच्या नियंत्रण कक्षातल्या जॉन आरन या तरुण अभियंत्यानं पूर्वी एका चाचणीत पाहिला होता. त्यानं एक स्विच बदलायला सांगितलं. यानात अंतराळवीर ॲलन बीनला तो सापडला, आणि आकडे परत आले.