निवासी वाहनातील ओल व बुरशी

निवासी वाहनातील ओल व बुरशी : झोपणे, स्वयंपाक, कपडे वाळवणे अशी घरातली कामे ज्या गाडीत चालतात, त्या कॅराव्हॅन, मोटरहोम किंवा कॅम्पर व्हॅनच्या आतल्या थंड भागांवर हवेतील बाष्पाचे पाणी जमणे आणि ते वेळेत न सुकल्याने तेथे बुरशी धरणे. पहिल्या क्रियेला शास्त्रात संघनन म्हणतात. बोलताना काच घामेजली, पत्र्याला घाम सुटला असे म्हणतात. बोलीतला शब्द जरा फसवा आहे. हे पाणी पत्र्यातून येत नाही, पत्र्यावर येते.

महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण २०२१ मध्ये आणले. सोलापूर परिसरात गाडीत मुक्काम करण्याची रीत त्याहून जुनी आहे. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूरला निघालेली कुटुंबे टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये किंवा मागची सीट काढलेल्या ओम्नीत रात्र काढतात. त्या गाड्यांना कोणी कॅराव्हॅन म्हणत नाही. पण पत्रा, बंद काचा आणि आत चार माणसांचा श्वास एवढे जमले की पुढचे सगळे सारखेच.

सोलापुरात हा विषय काढला तर ऐकणाऱ्याला आधी हसू येते. पाऊस बेताचा, तोही बराचसा सप्टेंबरात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर. मार्च-एप्रिलच्या दुपारी सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली. इथली कडक भाकरी महिनोन्महिने टिकते ती याच हवेच्या जिवावर. कोकणात ओल ठीक, इथे कसली? उत्तर त्याच भाकरीकडे आहे. काचा लावून चौघे झोपलेल्या गाडीत कडक भाकरीचे पुडके उघडे ठेवले, तर सकाळी ती सादळलेली असते. बाहेरची हवा सोलापूरची असली तरी आतली हवा रात्रभरात वेगळीच झालेली असते.

हवा गरम असेल तर तिच्यात जास्त बाष्प मावते, थंड झाली की कमी. २० अंश सेल्सियसला एका घनमीटरात जास्तीत जास्त १७ ग्रॅमच्या आसपास, १० अंशांना जेमतेम ९. हवा निवत निवत ज्या तापमानाला तिच्यातले बाष्प पाणी होऊ लागते, तो तिचा दवबिंदू. गाडीत २२ अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता असली तर दवबिंदू १७ अंशांच्या थोडा वर येतो; म्हणजे आतला जो भाग त्याहून थंड, त्यावर पाणी धरणार. डिसेंबर-जानेवारीत सोलापूरची रात्र १५ अंशांच्या आसपास उतरते, कधी त्याहूनही खाली. उघड्या पत्र्याच्या गाडीचे छत मग १७ अंशांवर कसे राहील?

त्यात आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता थेट आकाशाकडे फेकतो आणि भोवतीच्या हवेपेक्षाही काही अंश थंड होतो. सोलापूरचा हिवाळा म्हणजे ढग नसलेल्या रात्री. कोरडी, चांदण्यांनी भरलेली, पावसाचा मागमूस नसलेली रात्र ही संघननासाठी सगळ्यांत वाईट रात्र ठरते ती यामुळे. गाडी झाडाखाली किंवा शेडमध्ये लावली तर छत आकाशासमोर उघडे राहत नाही, आणि पाणी लक्षात येण्याइतके कमी होते. उजनीच्या काठी गाडी लावणाऱ्यांची गत निराळी. भीमेवरचे हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला येणारे पाण्याला लागूनच गाडी उभी करतात. तिथे पहाटे धुके असते, बाहेरची हवाच बाष्पाने भरलेली असते. काठापासून थोडे दूर, चढावर गाडी लावली तर पक्षी लांब पडतात, पण गादी कोरडी राहते.

एवढे बाष्प आत येते कुठून? झोपलेला माणूस श्वास आणि घाम मिळून रात्रभरात पाव लिटर किंवा त्याहून अधिक पाणी हवेत सोडतो. टेम्पो ट्रॅव्हलरच्या आकाराच्या गाडीत साधारण १२ घनमीटर हवा असते. २० अंशांना ती पूर्ण भरली तरी त्यात पेलाभर पाणी मावते. एका माणसाचे रात्रीचे पाणीच त्याहून जास्त! दुसरा स्रोत स्वयंपाक. भाताची वाफ दिसते, ज्योतीतले पाणी दिसत नाही. एलपीजीमधील हायड्रोजन जळून पाणी तयार होते: १ किलो गॅस जळला की दीड किलोहून अधिक. पिठले-भात आणि दोनदा चहा यांत १०० ग्रॅम गॅस गेला तर दीडशे ग्रॅमहून जास्त पाणी नुसत्या ज्योतीने आत सोडले. सिलिंडरमधून पाणी येते हे सांगितले तर समोरचा आपल्याकडे संशयाने पाहतो, पण खरे आहे. थंडीत ऊब यावी म्हणून गॅस पेटता ठेवणे तर दुहेरी चूक. पाणी वाढते, आणि बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइडने जीव जाऊ शकतो. कोळशाची शेगडी आत घेणे त्याहून घातक. तिसरा स्रोत ओले कपडे. आषाढीच्या पावसात भिजलेली धोतरे-लुगडी आणि घडी घातलेली ताडपत्री गाडीत कोंबली की दुसऱ्या दिवशी दार उघडताच कुबट वास येतो.

पाणी कुठे धरते यावरून गाडीची बांधणी ओळखता येते. स्थानिक फॅब्रिकेशनमध्ये बाहेरचा पत्रा, मध्ये लोखंडी सेक्शन म्हणजे सांगाड्याचे लोखंडी दांडे आणि आत सनमायका लावलेले प्लायवूड असा थर असतो. सेक्शन थंडी सरळ आत आणतात. पहाटे टॉर्च तिरपी धरून पाहिले तर छताच्या सनमायक्यावर एका रेषेत, ठराविक अंतराने थेंब लटकलेले दिसतात; प्रत्येक थेंबाच्या मुळाशी एक स्क्रू. त्याचे टोक सेक्शनमध्ये घुसलेले असते, म्हणून त्याचे डोके भोवतीच्या प्लायपेक्षा थंड. पत्रा आणि प्लाय यांच्यामध्ये थर्माकोलचे तुकडे भरले तर फटींतून आतली दमट हवा पत्र्यापर्यंत पोहोचते आणि पाणी प्लायच्या मागे, डोळ्यांआड जमते. ग्लासवूल, म्हणजे काचतंतूंचा कापूस, भरला तर तो भिजून खाली बसतो. बंद पेशींचा, म्हणजे बाष्प आत शिरू न देणारा, नायट्राइल रबर पत्र्याला पूर्ण चिकटवणे हा खर्चिक पण खरा उपाय. असले अर्धवट इन्सुलेशन (उष्णतारोधक भरण) हे नसल्यापेक्षा वाईट, कारण ते पाणी थांबवत नाही, फक्त लपवते.

काचेवर जाड सोलापुरी चादर पडद्यासारखी टांगण्याची पद्धत दिसते. थंडी अडते, पण चादरीमागची काच आतल्या उबेला मुकते आणि आणखी थंड होते, दमट हवा मात्र कडेने मागे जातेच. पाणी काचेवरून ओघळून चादरीच्या खालच्या काठात मुरते आणि आठवडाभरात त्या काठावर काळे ठिपके येतात. चादर टांगायचीच तर सकाळी उतरवून उन्हात टाकावी. टॉवेलचेही तेच. काच पुसून ओला टर्किश टॉवेल गाडीतल्याच दोरीवर वाळत घातला तर पुसलेले पाणी संध्याकाळपर्यंत पुन्हा आतल्या हवेत. तो बाहेर पिळून बाहेरच वाळवावा.

छतातून थेंब पडला की पहिला संशय गळतीवर जातो, आणि मग सिलिकॉनच्या नळ्याच्या नळ्या रिकाम्या होतात. सोलापुरात हा संशय फिटणे सोपे आहे: जानेवारीत इथे सहसा पाऊस नसतो, तेव्हा पडलेला थेंब गळतीचा नव्हे. गळतीचा डाग तपकिरी कडेचा असतो, पावसानंतर वाढतो आणि एकाच जागी येतो. संघननाचे पाणी पहाटे येते, दुपारी उडून जाते आणि जिथे जिथे थंड तिथे तिथे दिसते.

खरा उपाय एकच, दमट हवा बाहेर काढणे. हिवाळ्यात बाहेरची हवा थंड असल्याने तिच्यात पाणी कमी असते. ती आत येऊन गरम झाली की बरेच बाष्प उचलू शकते. दोघेच झोपले असले तरी गाडीतली हवा रात्रभर सतत बदलत राहायला हवी. त्यासाठी खाली एक आणि छतात एक अशी दोन तोंडे हवीत. एकच खिडकी बोटभर उघडून फारसे साधत नाही. छतात १२ व्होल्टचा छोटा एक्झॉस्ट फॅन बसवला तर स्वयंपाक करताना आणि झोपताना तो मंद चालू ठेवावा. थंडी वाजेल म्हणून सगळे बंद करणाऱ्याला आणखी एक पांघरूण देणे स्वस्त पडते. दिवसा मात्र सोलापूरची दुपार फुकट काम करते: दोन तास दारे-खिडक्या सताड उघडल्या, गादी उभी केली की भिजलेले प्लायही बरेच सुकते.

ऋतू बदलला की हाच उपाय कमी-जास्त होतो. ऑगस्टच्या रात्री बाहेरची हवाच ९० टक्क्यांच्या घरात असते. खिडकी उघडून फायदा थोडाच. तेव्हा एसी असेल तर तो हवा थंड करताना कोरडीही करतो, फक्त त्याची पाण्याची नळी तुंबलेली नसावी. हवेतले पाणी शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडचे डबे कपाटापुरते उपयोगी, चार माणसांच्या श्वासाला ते पुरे पडत नाहीत. उन्हाळ्यातली ओल बहुतेक हौसेने आणलेली असते, कूलरमधून. कूलर पाण्याचे बाष्प करूनच हवा गार करतो, म्हणून समोरची खिडकी उघडी हवी. रात्री काचा लावून तो चालवला की अंग चिकचिकते, सीटचा फोम ओला होतो, आणि कूलरची गवताची पॅड न सुकता राहिली तर बुरशी तिथेच पहिली धरते.

बुरशीला बीजाणू, अन्न आणि पाणी लागते. बीजाणू हवेत असतातच, अन्न म्हणजे प्लाय, काथ्या, कापूस, धूळ, अगदी हाताचा तेलकट डागसुद्धा. आवरण्यासारखे फक्त पाणी. पृष्ठभागाजवळ आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बहुतेक जाती वाढू लागतात. म्हणून भिजलेली वस्तू एक-दोन दिवसांत सुकवावी. लोणच्यावरचा बुरा आणि गादीखालचा बुरा यांच्या मागची गोष्ट एकच. गाड्यांत सहसा क्लॅडोस्पोरियम, पेनिसिलियम, अ‍ॅस्परजिलस या वंशांतील बुरशी दिसते. २०२१ मध्ये करोनाच्या लाटेत ‘काळी बुरशी’ हा शब्द घरोघरी पोहोचला, पण तो म्युकरमायकोसिस हा वेगळ्या बुरशींचा आजार. खिडकीच्या रबरावरचे काळे ठिपके म्हणजे तो नव्हे. तरी ते निरुपद्रवी नाहीत. ओल व बुरशी यांविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत दमा आणि खोकला यांच्याशी असलेला संबंध नोंदवलेला आहे. दम्याच्या माणसाने साफसफाई दुसऱ्यावर सोपवावी.

कोरड्या ब्रशने घासले तर बीजाणू गाडीभर उडतात. मास्क लावून, दारे उघडून, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसावे आणि फडके टाकून द्यावे. पत्रा, काच, सनमायका यांना एवढे पुरते. ब्लीच प्लायच्या आत मुरत नाही, रंग तेवढा उडवते. आणि ते व्हिनेगर किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो. आतपर्यंत काळा झालेला फोम धुऊन वाचत नाही. काथ्याची गादी तळाशी पांढुरकी झाली असेल तर कडक उन्हात दोन-तीन दिवस उलटसुलट करून झटकावी, तरी वास राहिला तर बदलावी. गादीखाली सलग प्लाय असेल तर त्याला मोठी भोके पाडणे किंवा त्याऐवजी अंतर सोडून पट्ट्या ठोकणे हे सुताराचे एका दुपारचे काम आहे.