पेटी घरपोच मागवण्याआधी हे वाचा

आमचे बेळगावला पेटीचे, म्हणजे हार्मोनियमचे, दुकान आहे. पेटी खर्ज-नर (सुरांचे दोन संच) घ्यावी की खर्ज-नर-नर (तीन संच), स्केल चेंजर (स्वरपट्टी सरकवून सूर बदलता येणारी पेटी) परवडेल का, सूर (आतल्या पितळी जिभा) गुजरातमधल्या पालिताण्याचे आहेत ना, ही चर्चा आम्हाला आवडते आणि ग्राहकांनाही. त्रास सुरू होतो पेटी दुकानातून निघाल्यावर. आमच्याकडे येणारे तक्रारीचे फोन पेटीबद्दल क्वचितच असतात. "काल दिवसभर घरातच होतो, तरी ‘घर बंद’ असा मेसेज आला", "पोचली म्हणून दाखवतंय, पण आमच्याकडं आलीच नाही", "खोक्याचा कोपरा चेपलाय, आता काय करू?" असे ते असतात. पेटी घरपोच मागवणाऱ्या ग्राहकांसाठी म्हणून हे पत्रक.

आमचे मत आधीच सांगतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, हुक्केरी या भागात राहत असाल आणि एक दिवस काढता येत असेल, तर दुकानात येऊन, वाजवून बघून, पेटी स्वतः घेऊन जा. येणे जमत नसेल तर बसच्या पार्सलने मागवा. वायव्य कर्नाटक परिवहनच्या बसगाड्यांतून ‘नम्म कार्गो’ची पार्सले जातात. जवळच्या स्थानकावर जाऊन ती उतरवून घ्यावी लागते, पण मधली उचलठेव कमी होते आणि खोका कुठे आहे हे विचारायला समोर माणूस असतो. घरपोच कुरिअर हा आमचा तिसरा पर्याय.

घरपोच म्हणजे नक्की काय होते?

पेटीचे वजन भरते साधारण तेरा-चौदा किलो. खोका मात्र ७५ सेंमी लांब, ४५ रुंद आणि ४० उंच. कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार करून त्याला बहुधा ५००० ने भागतात आणि येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर त्यावर भाडे लावतात. आमच्या खोक्याचा हिशेब २७ किलो येतो. "चौदा किलोच्या पेटीला एवढं भाडं कसं?" याचे उत्तर हे. खोका लहान करून भाडे वाचवता येईल, पण मग आतला फोम कमी होईल. ते आम्ही करत नाही.

या भाड्यात पेटी तुमच्या दारात यायला हवी. शहरात बहुतेक वेळा येतेही. खेड्यात मात्र शेवटच्या टप्प्यावर घोडे अडते. पार्सल आणणारा मुलगा दुचाकीवर असतो आणि एवढा खोका दुचाकीवर नीट बसत नाही. पुष्कळ ठिकाणी त्याला पार्सलमागे पैसे मिळतात, त्यामुळे एका पेटीसाठी जांबोटीच्या पुढे घाटात जाणे त्याला परवडत नाही. मग तो फोन करून "तालुक्याला येऊन घेऊन जा" म्हणतो, नाहीतर फोन न करताच ‘ग्राहक उपलब्ध नाही’ अशी नोंद टाकतो. त्या मुलावर चिडून उपयोग नाही. दोष ज्यांनी घरपोचचे पैसे घेतले आणि गाडी दिली नाही त्यांचा. अशी खोटी नोंद दिसली तर त्याच दिवशी तिचा स्क्रीनशॉट आम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवा. पार्सल आमच्या नावाने बुक झालेले असते, त्यामुळे भांडण्याचा पहिला अधिकार आमचा आणि तो आम्ही वापरतो. तुम्ही तालुक्याला जाऊन पेटी आणायचे ठरवलेत तर आधी आम्हाला कळवा, म्हणजे घरपोचच्या जादा भाड्याची मागणी आम्ही लेखी करू.

सीमेपलीकडच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या, ग्राहकांसाठी थोडे वेगळे सांगायला हवे. चंदगड तालुक्यातल्या कितीतरी गावांना बेळगाव कोल्हापूरपेक्षा जवळ. पण कुरिअरला अंतर कळत नाही, पिन कळतो. आमचा ५९० किंवा ५९१ ने सुरू होतो आणि तुमचा ४१६ ने, म्हणून पार्सल आधी कोल्हापूरच्या बाजूला जाते आणि तिथून उलटे फिरून तुमच्याकडे येते. तासा-दीड तासाच्या वाटेला चार-पाच दिवस लागतात आणि तेवढ्या वेळा खोका चढतो-उतरतो. चंदगडच्या ग्राहकांनी शक्यतो बेळगावच्या बाजारच्या दिवशी येऊन पेटी न्यावी, हे कळकळीने सांगणे.

पत्ता देताना पिन आणि चालू मोबाइल नंबर या दोन गोष्टींना सर्वात जास्त किंमत आहे. बेळगावचे नाव २०१४ साली बदलून ‘बेळगावी’ झाले, तरी कंपन्यांच्या संगणकांत दोन-तीन प्रकारचे स्पेलिंग सापडते, त्याची काळजी करू नका. खूण मात्र नेमकी द्या. "मारुतीच्या देवळाजवळ" ही खूण आपल्याकडे कुठल्याही गावाला लागू पडते. शेतात किंवा मळ्यात घर असेल तर रस्त्यावरच्या एखाद्या दुकानाचे नाव, दुकानदाराला विचारून, लिहून द्या. फोन कन्नडमध्ये येण्याची शक्यता असते. घरात कन्नड बोलणारे कुणी असेल तर त्यांचाच नंबर दुसरा म्हणून द्यावा.

ओटीपी म्हणजे तुमची सही

आमचे सगळ्यात महत्त्वाचे सांगणे हे आहे, बाकीचे विसरलात तरी चालेल. ओटीपी सांगितला की कंपनीच्या दृष्टीने माल सुस्थितीत पोचला आणि विषय संपला. म्हणून खोका दारात, डोळ्यांसमोर आल्याशिवाय ओटीपी फोनवरून सांगू नका. "मी जवळच आहे, आधी नंबर सांगा, नंतर आणून देतो" याला ठाम नकार द्या. पैसे आमच्याकडे आधीच जमा असतात, त्यामुळे दारात एक रुपयाही द्यायचा नसतो. "पत्ता अपुरा आहे, पाच रुपये भरा" अशी लिंक आली किंवा फोनवर *४०१* ने सुरू होणारा नंबर दाबायला सांगितले, तर ती फसवणूक समजा. अशा नंबराने तुमचे फोन दुसऱ्याकडे वळवले जाऊ शकतात.

खोका आला की आधी सहा बाजू बघा. आम्ही वापरतो ती छापील टेप जशीच्या तशी आहे का, कोपरा चेपला आहे का, तळ ओला आहे का. काही दिसले तर मुलाच्या समोरच फोटो काढा आणि पोचपावतीवर ‘खोका फुटलेला’ किंवा ‘ओला’ असे लिहूनच सही करा. कागदी पावती नसेल तर फोटो त्या मिनिटाला आम्हाला पाठवा, मग ओटीपी द्या. उघडून बघायला तो थांबणार नाही, तशी सोय बहुतेक कंपन्या देतच नाहीत. म्हणून टेप कापल्यापासून पहिला सूर वाजेपर्यंतचा व्हिडिओ न थांबवता काढा. तुकड्यातुकड्यांचा व्हिडिओ कंपन्या मानत नाहीत.

पेटी बाहेर काढल्यावर लगेच वाजवायला बसू नका. स्केल चेंजर असेल तर स्वरपट्टी हलू नये म्हणून आम्ही लाकडी पाचर घालतो. तिला लाल फीत बांधलेली असते, ती आधी काढा. मग सगळे स्टॉपर (पुढची ओढायची बटणे) बंद ठेवून भाता मारा. भाता चटकन बसला तर हवा गळते आहे. ठीक असेल तर ड्रोनचे (एकच सूर सतत धरून ठेवणारे) सोडून बाकीचे स्टॉपर उघडा आणि एकही पट्टी न दाबता भाता मारा. आवाज येता कामा नये. आला तर एखादी पट्टी उचललेली राहिली आहे. शेवटी एकेक पट्टी दाबून बघा. एखादा सूर मुका असेल तर बहुधा प्रवासात कचरा अडकलेला असतो, आम्ही व्हिडिओ कॉलवर तो काढायला शिकवतो. एक-दोन सूर किंचित उतरले असतील तर ते नुकसान नव्हे. लाकूड नव्या हवेत रुळायला पंधरवडा घेते, त्यानंतर दुकानात आणा, पहिले ट्यूनिंग आमच्याकडे मोफत आहे. खानापूर, कणकुंबीकडच्या पावसात पट्ट्या फुगून अडकतात, तेही नैसर्गिक. जून ते सप्टेंबर आम्ही खोक्याच्या आत प्लास्टिकचे जादा आवरण घालतो, पण खरे म्हणजे त्या महिन्यांत पार्सल मागवूच नये.

मोडली तर भरपाई किती?

अपेक्षेपेक्षा कमी, हे आधीच माहीत असू द्या. २००७ चा ‘कॅरेज बाय रोड’ कायदा आणि त्याचे २०११ चे नियम कुरिअरलाही लागू आहेत. त्यानुसार जास्त जोखमीचा दर (मालाची किंमत जाहीर करून भरायचे जादा भाडे) भरलेला नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपर्यंतच असते. पेटी ३८,००० रुपयांची, भाडे ९०० रुपये, तर हाती येणार फार तर ९,०००. म्हणून बिलाची पूर्ण किंमत जाहीर करून, जोखमीचा दर किंवा विमा भरूनच आम्ही पेटी पाठवतो. ही रक्कम बिलात वेगळी दाखवलेली असते. ती कमी करा म्हणणारे ग्राहक भेटतात, पण विम्याशिवाय पेटी कुरिअरने जाणार नाही, हा आमचा नियम आहे.

नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला द्यावी लागते, नाहीतर दावा लावता येत नाही. विम्याच्या पावतीमागे याहून बरीच कमी मुदत छापलेली असू शकते, त्यामुळे त्याच दिवशी कळवा, नोटीस आम्ही पाठवू. पावतीवर मुंबईच्या किंवा दिल्लीच्या कोर्टाचा उल्लेख दिसला तरी घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा, मराठीत बोलता येते. आमच्याविरुद्ध तक्रार असेल तरी नंबर हाच.

भजनी मंडळांना एक विनंती. सप्ताह किंवा गणपती तोंडावर आल्यावर पेटी मागवली की तुमचाही जीव टांगणीला लागतो आणि आमचाही. दिवाळीच्या आधी कुरिअरची गोडाऊने ऑनलाइन सेलच्या मालाने तुंबलेली असतात. कार्यक्रमाच्या महिनाभर आधी सांगा. सुटे सूर, भात्याचे कापड, स्टॉपरची बटणे असा लहान माल मात्र कधीही मागवा, तो आम्ही स्पीड पोस्टाने पाठवतो.

खोका आणि फोम निदान पहिल्या ट्यूनिंगपर्यंत फेकू नका. पेटी परत पाठवायची वेळ आली तर तिच्या मापाचा खोका बाजारात मिळत नाही, आणि विम्याचा माणूस आला तर तो आधी खोकाच बघायला मागतो. नंतर नको असेल तर दुकानात आणून द्या, चांगल्या स्थितीतला खोका आम्ही परत घेतो.